बोर्डीचे अंगण आणि आपली वाडी



'अंगणवाडी' हा शब्द ठाऊक नाही असे घर आज आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले, बांदे, कुठल्याही वाडीत जा. घराचा पत्ता विचारला तर 'अंगणवाडीच्या मागे' असे उत्तर मिळते. लसीकरण तेथेच, गरोदर बाईची नोंद तेथेच, मुलांचे वजन तेथेच आणि मुलांची खिचडीही तेथेच. मात्र या शब्दात 'अंगण' का आले, तो कोणी घडविला आणि कोठे घडविला, हे विचारले तर पालकच काय, आम्ही शिक्षकही जरा थांबतो. बी.एड.च्या वर्गात फ्रोबेल आणि माँटेसरी यांची मते आम्ही पाठ केली आणि परीक्षेत लिहिली. आपल्याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला घडलेली गोष्ट मात्र पुष्कळांच्या वाचनातून निसटून गेली.

ती येथे सांगण्यास कारण आहे. बालवर्गाच्या प्रवेशाच्या दिवसांत तीन-साडेतीन वर्षांचे मूल कडेवर घेऊन पालक येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : 'लिहायला कधी शिकवता?' दुसरा प्रश्न इंग्रजीचा. वर्गात मुले मातीचे गोळे करीत बसलेली दिसली की चेहरा उतरतो. 'खेळायला घर आहे की, मग फी कशाला?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी काही माणसांनी प्रत्यक्ष काम करून दिलेले आहे, आणि तेही श्रीमंतांच्या वस्तीत नव्हे.

आरंभ मात्र परदेशात झाला, तो थोडक्यात सांगतो. जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. आपण आज सर्रास 'के.जी.' म्हणतो त्यातला 'के' आणि 'जी' हाच. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. आईबाप कामावर गेले की त्यांची लहान मुले जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करीत. इमारतींच्या मालकांना भिंतींची काळजी होती, म्हणून मुलांना एका खोलीत गोळा करून कोणाच्या तरी हवाली करावयाचे ठरले. माँटेसरीबाई पेशाने डॉक्टर. त्यांनी त्या मुलांना उपदेश केला नाही. हाताळण्याजोग्या वस्तू दिल्या आणि मुले काय करतात ते पाहिले. आज 'माँटेसरी' म्हटले की गुळगुळीत लाकडी साहित्य आणि भरपूर फी डोळ्यांसमोर येते. मूळ माँटेसरी शाळा गरिबांच्या चाळीत भरली होती, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

हे विचार आपल्या बाजूला आणले ते गिजुभाई बधेका या गुजराती वकिलाने. काही काळ आफ्रिकेत राहून आलेला आणि वकिलीत जम बसलेला हा गृहस्थ. घरी मुलगा झाला तेव्हा त्याला शिकवावे कसे, या विचाराने ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथाकडे वळले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, वकिली सुटली आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशांची आई. त्यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते मिळवून वाचावे; एका बैठकीत संपते.

याच भावनगरात १९२३ मध्ये एक मराठी बाई दाखल झाल्या. ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती मानाची, पगाराची जागा सोडून त्या लहान मुलांत येऊन बसल्या. त्या काळात पदवीधर बाईने महाविद्यालय सोडून चार वर्षांच्या मुलांना शिकवावे, हे लोकांना विचित्रच वाटले असणार. आजही वाटते. आपल्याकडे सर्वांत लहान मुलांच्या शिक्षिकेला सर्वांत कमी पगार आणि सर्वांत कमी मान, हा उलटा हिशेब अजून सुटलेला नाही.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई आणि ताराबाई यांनी 'शिक्षणपत्रिका' हे मासिक गुजरातीत चालविले आणि पुढे ताराबाईंनी ते मराठीतही आणले. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. गिजुभाई जून १९३९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माँटेसरीबाई स्वतः मद्रासला येऊन पोहोचल्या. ज्यांच्या ग्रंथावर या माणसाने आपले आयुष्य उभे केले, त्या बाई आल्या त्या पाच महिने उशिरा.

दादरची शाळा नावारूपाला आली. परंतु तेथे येणारी मुले होती ती सुशिक्षित, नोकरदार घरांतली. ज्या विचाराचा जन्म मजुरांच्या वस्तीत झाला, तो आपल्या देशात पांढरपेशांच्या दिवाणखान्यात अडकून पडला, ही गोष्ट ताराबाईंना खुपत होती. खेड्यातील गरीब मुलाला हे शिक्षण परवडेल काय? की ते फक्त पैसेवाल्यांचे कौतुक? या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या.

बोर्डी हे गाव समुद्रकाठी, डहाणूच्या उत्तरेस. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. मालवणच्या माणसाला परके वाटणार नाही असेच ते आहे. पुढे समुद्र आणि कोळ्यांच्या होड्या, मागे वाड्या. फरक एवढाच की आपल्याकडे माड आणि आंबा, तिकडे चिकू. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तेथे आधीपासून होती आणि आचार्य भिसे यांच्यासारखी माणसे आदिवासींत काम करीत होती. पण गावाबाहेरच्या पाड्यांवरचे जग निराळे होते. याच १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता. त्यावरून तेथील आईबापांची स्थिती ध्यानात यावी. ज्या घरात सकाळी मोठी माणसे मालकाच्या शेतावर जुंपली जातात, त्या घरातले मूल न्हाऊन-माखून, डबा घेऊन शाळेत येईल अशी अपेक्षा कोण धरणार?

ताराबाईंबरोबर तेथे गेल्या त्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातील मोरगावचा त्यांचा जन्म, १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळातील बहुतेक मुलींची कहाणी येथेच संपत असे. या मुलीने शिकावयाचे ठरविले, शिक्षिका झाली, नोकरी करीत मॅट्रिक झाली आणि पदवी परीक्षा तर पन्नाशी ओलांडल्यावर दिली. (दहावीत एकदा नापास झाल्यावर पुस्तके बांधून ठेवणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्यातील चांगली नोकरी सोडून त्या बोर्डीस निघाल्या.

गावात बालवाडी उघडली. मुले आली ती गावातली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती पाड्यांवरची मुले काही येईनात. ती का येत नव्हती, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आजही मुले शाळेबाहेर राहतात ती थोड्याफार याच कारणांनी. एक तर स्वच्छ लुगड्यातील, शहरी बोलणाऱ्या बाईची धास्ती. त्यांच्या अनुभवात नीटनेटके कपडे घालून येणारा माणूस सावकाराचा नाहीतर जंगल खात्याचा. दुसरे म्हणजे अंगावर धड कपडा नाही, मग गावातल्या मुलांत बसावयाचे कसे? तिसरे कारण सर्वांत मोठे. पाच वर्षांची मुलगी रिकामी नव्हतीच. तिच्या कडेवर एक वर्षाचे भावंड होते.

येथे दुसरा कोणी असता तर 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असे म्हणून अहवाल लिहून मोकळा झाला असता. ताराबाई आणि अनुताईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे. त्या पाड्यावर जाऊ लागल्या. मुलांना सोयीची वेळ धरावयाची, कोणाच्या तरी अंगणात बसावयाचे, मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, गाणे म्हणावयाचे, गोष्ट सांगावयाची, खेळ मांडावयाचा. जी भावंडे कडेवर होती तीही तेथेच बसत. इमारत नाही, बाके नाहीत, घंटा नाही. अंगणात भरणारी म्हणून ती 'अंगण बालवाडी', आणि तिचेच आटोपशीर रूप म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली 'अंगणवाडी'.

आता साहित्याचा प्रश्न. माँटेसरी साहित्यात दहा गुलाबी ठोकळ्यांचा एक मनोरा असतो. सर्वांत लहान ठोकळा एक सेंटिमीटरचा, मोठा दहा सेंटिमीटरचा. मोठ्यावर लहान असे रचीत गेले तर मनोरा नीट उभा राहतो. क्रम चुकला तर नजरेला खटकते. यातली युक्ती अशी की चूक दाखवावयास मास्तर लागत नाही. ठोकळाच सांगतो. मूल स्वतः पाहते, स्वतः सुधारते. आत्मविश्वास म्हणून ज्याला आपण म्हणतो तो अशा ठिकाणी उपजतो. शाबासकीने तो येईलच असे नाही. पण असे साहित्य सुताराकडून करवून घ्यावे तर पाड्यावरच्या बालवाडीला ते कसे परवडावे? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या आणि माती हेच साहित्य झाले. तत्त्व तेच ठेवले. लहान-मोठे लावा, सारखे ते एकत्र करा, रंग ओळखा, खडबडीत आणि गुळगुळीत डोळे मिटून सांगा. खर्च जवळजवळ शून्य. जे रोममध्ये सुतार करीत होता, ते बोर्डीत समुद्राने आणि रानाने केले.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे आणखी दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, म्हणजे त्यांना सांभाळणारी मोठी बहीण शाळेच्या वर्गात बसू शकते. मुलींच्या शिक्षणावर आपल्या सभांतून पुष्कळ भाषणे होतात. पाळणाघरामुळे थोरल्या बहिणीची शाळा वाचते, हा मुद्दा त्यांत क्वचितच ऐकू येतो. दुसरी गोष्ट कुरणशाळा. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, मग शिक्षकाने कुरणावर जावे. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली शिकत आहेत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये निवर्तल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव दिले गेले ते 'अंगणवाडी'. आज देशात अशी सुमारे चौदा लाख केंद्रे आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत हा मराठी शब्द पोहोचला. मात्र शब्द गेला तितक्या सहजपणे त्यातला आशय गेला नाही. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि सहावी म्हणजे लहान मुलांचे अनौपचारिक शिक्षण. बोर्डीत जी पहिली होती ती येथे शेवटची झाली. सेविकेच्या हाती इतकी नोंदपुस्तके आली की गाणे आणि गोष्ट यांना वेळ उरेना. आपणही तिला 'खिचडी शिजली का?' एवढेच विचारीत आलो. सेविकेला दोष देण्याआधी आपण तिच्याकडे काय मागितले, ते आठवावे.

येथे समाजातील काही वडीलधाऱ्या मंडळींची एक शंका विचारात घेतो. खेळातून शिक्षण ही साहेबांची नवी टूम आहे, आपल्या जुन्या रीतीत मकतबातील शिस्तच खरी, असे त्यांचे म्हणणे असते. शिस्तीला माझा विरोध नाही. पण जुन्या रीतीचीच साक्ष काढावयाची तर इमाम गझाली यांच्यापेक्षा मोठे नाव कोणते? इसवी सन ११११ मध्ये ते निवर्तले; फ्रोबेलच्या सातशे वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात मुलांच्या संगोपनावर लिहिताना ते सांगतात की, मकतबातून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळ बंद करून त्याला सतत पाठांतराला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी बोथट होते. आता याला साहेबांची टूम कोण म्हणेल?

अलीकडचे उदाहरण दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे. डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले, ते या संस्थेचे कुलगुरू असताना तेथील प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली नावाच्या शिक्षकाने मुलांचे दुकान, मुलांची बँक असे उद्योग चालविले. हिशेब शिकावयाचा तो दुकान चालवून. बर्लिनमध्ये झाकीरसाहेबांशी ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाई १९३३ च्या आरंभी जामियात आल्या आणि तेथील लहान मुलांच्या 'आपाजान' झाल्या. १९४३ मध्ये त्या वारल्या. त्यांची कबर जामियाच्याच कबरस्तानात आहे. झाकीरसाहेबांनी स्वतः मुलांसाठी 'अब्बूखाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली. एवढ्या मोठ्या माणसाला बकरीची गोष्ट लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. बोर्डीच्या बायांना जे साहित्य शोधावे लागले, ते आपल्या मुलांच्या पायाखालीच आहे. लगोरी पाहा. सपाट दगड मोठ्यावर लहान असे रचायचे, चेंडूने पाडायचे आणि गडी बाद होण्याच्या आत पुन्हा रचायचे. हा तर तोच माँटेसरीचा मनोरा, फक्त पळतापळता रचलेला! किंवा सागरगोटे घ्या. समुद्रकाठच्या काटेरी वेलीच्या या करड्या, टणक बिया. कोणी त्यांना गजगे म्हणतात. पाच सागरगोटे घेऊन मुलगी बसते. एक वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे. पहिल्या डावात एक-एक असे चार वेळा. दुसऱ्या डावात दोन आणि दोन. तिसऱ्यात तीन आणि एक. चौथ्यात चारही एकदम. चार ही संख्या किती प्रकारांनी फोडता येते, हे त्या मुलीच्या हाताला पाटीवर बेरीज येण्याआधी कळलेले असते. शिवाय नजर, बोटे आणि हिंमत यांचा सराव होतो तो निराळाच. आमच्या वर्गात चार बरोबर तीन अधिक एक हे फळ्यावर लिहून शिकविण्यास आठवडा जातो.

रापण ओढली जाते तेव्हा वाळूत मुलांची झुंबड पाहा. पेडवे निराळे, बांगडे निराळे, सौंदाळे निराळे. कोणी न शिकविता पाच वर्षांचे पोर माशांची वर्गवारी करते आणि चुकले तर शेजारचा पोरगा ताबडतोब सांगतो. माडाच्या पोयीची होडी व्हाळात सोडली की ती का बुडते, का कलते, याचा शोध सुरू होतो. वहीत न मावणारे हे शिक्षण आहे. ते पुरेसे आहे असे मात्र मी म्हणत नाही. मूल खेळत असताना जवळ एखादे शहाणे माणूस असावे लागते, जे विचारील, 'ही बुडाली, ती का नाही बुडाली रे?' उत्तर सांगण्याची घाई न करता थांबणेही त्याला जमावे. बोर्डीतल्या अंगणात हेच माणूस बसलेले होते. नुसते मोकळे सोडलेले मूल आणि बालवाडीत खेळणारे मूल यांत फरक आहे तो या माणसाचा, आणि फी कशाची, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

पालकांनी घरी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी तो प्रसिद्ध केला. आपल्या चार वर्षांच्या मुलासमोर शिंपल्यांच्या दोन ओळी मांडा, दोन्हींत सहा-सहा, समोरासमोर. विचारा, 'दोन्हीकडे सारखे आहेत का?' मूल 'हो' म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीतील शिंपले लांब-लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. बहुतेक चार वर्षांची मुले म्हणतील, 'खाली जास्त.' एक ते शंभर घडाघडा म्हणून दाखविणारे मूलही हेच उत्तर देईल. त्याला रागावू नका, समजावीतही बसू नका. सहा-सात वर्षांचे झाले की तेच मूल तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहून म्हणेल, 'तेवढेच तर आहेत!' मधल्या दोन-तीन वर्षांत काय घडले? त्याने हजार वेळा वस्तू मांडल्या, मोडल्या, वाटल्या, मोजल्या. शंभरपर्यंतचे आकडे पाठ असणे आणि सहा म्हणजे किती हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाहुण्यांसमोर पहिली मिरविता येते, म्हणून आपण तिच्यामागे लागतो.

लिहिण्याचेही तसेच. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल पेलण्याची ताकद पुरती आलेली नसते. माती मळणे, घावनाच्या पिठात बोटे घालणे, बटण लावणे, तांदळातील खडे वेचणे, यांनी ती येते. ती येण्याआधी 'अ' गिरवून घेतला तर अक्षर येते, पण वहीची भीतीही येते. पहिली-दुसरीच्या वर्गात आम्हाला भेटणारी काही मुले अशी असतात की प्रश्न विचारला तर आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतात. उत्तर कोणते हवे आहे, याचा अंदाज घेत असतात बिचारी.

'हे सारे ठीक, पण पुढे उपयोग काय?' असे विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक पाहणी सांगतो. मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय घरांतील १२३ मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला बालशाळा मिळाली, दुसऱ्याला नाही. त्या बालशाळेत पुढे मुले स्वतःच्या खेळाचा बेत स्वतः करीत, तो पार पाडीत आणि मग काय केले ते सांगत. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईला भेटत. ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालशाळेत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पुरे केले, त्यांची कमाई अधिक होती आणि तुरुंगाची पायरी चढणारे त्यांच्यात कमी निघाले. आपल्या सरकारनेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ही पाच वर्षे एक टप्पा मानून त्यात खेळ, गोष्ट आणि कृती यांना पहिले स्थान दिले आहे. कागदावर तरी बोर्डीचे म्हणणे आता मान्य झाले.

राहिली ती आपली बाजू. घरातील कर्ता पुरुष आखातात किंवा बोटीवर, आई एकटी, मूल तीन वर्षांचे. अशा घरात मुलाच्या हाती मोबाईल देणे सोपे जाते, हे मला दिसते आणि मी त्या आईला नावे ठेवणार नाही. पण वाडीतल्या अंगणवाडीच्या दारात मुलाला सोडताना तिने दोन मिनिटे थांबावे. भिंतीवर तक्ते किती आहेत ते मोजू नये. मुलांच्या हातांत काही आहे का ते पाहावे. सेविकेला 'काय लिहिले?' असे विचारण्याऐवजी 'आज कोणती गोष्ट सांगितलीत?' असे विचारावे. करवंट्या, बाटल्यांची झाकणे, कापडाचे तुकडे, सुकलेले शिंपले घरातून नेऊन द्यावेत. पालक सभेत खिचडीबरोबर या गोष्टीचीही चौकशी झाली तर सेविकेलाही नोंदपुस्तके बाजूला ठेवावयास बळ येईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या दादी-नानीजवळ बसा आणि त्या लहानपणी काय खेळत ते विचारून घ्या. खेळाचे नाव, लागणारे सामान, गडी किती, नियम काय, मोजताना कोणते शब्द वापरीत, बाद झालेल्याला काय म्हणत, हे सगळे त्यांच्याच बोलीत उतरवा. मालवणी असो, कोकणी असो, उर्दू मिसळलेली असो, शब्द बदलू नका. सागरगोट्यांच्या डावांची नावे तर वाडीगणिक निराळी निघतील. वह्या जानेवारीअखेर शाळेच्या कार्यालयात द्याव्यात. त्यांतून निवडलेले खेळ पुढील वर्षी बालवर्गात घेण्याचा आमचा विचार आहे.